लीग खेळलेला मिडल ब्लॉकर आणि कॉलेजचं मैदान

प्रश्न विचारणारा खेळाडू २९ वर्षांचा आहे. एका सरकारी खात्याच्या व्हॉलीबॉल संघात मिडल ब्लॉकर (नेटच्या मध्यावर समोरचे फटके अडवणारा), प्राइम व्हॉलीबॉल लीगचा एक हंगाम खेळलेला, बी.ए. पूर्ण, उजवा गुडघा कुरकुरायला लागलेला. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत: कॉलेजात कोच व्हायला काय लागतं, एवढं वर खेळल्याचा तिथे किती उपयोग होतो, आणि नोकरी आत्ताच सोडावी का. मीही खात्याकडून खेळून मगच शारीरिक शिक्षण संचालक झालो, त्यामुळे उत्तर लांबणार. आणि वयाच्या अधिकाराने तुला ‘तू’च म्हणतो.

शेवटचं आधी. नोकरी सोडू नकोस. आपल्याकडे व्हॉलीबॉलचा ‘प्रोफेशनल’ म्हणजे कोण, हे नीट बघ. लीगचा पहिला हंगाम २०२२ मध्ये ५ ते २७ फेब्रुवारी असा झाला, २०२५ चा २ ते २६ ऑक्टोबर. म्हणजे वर्षातले तीन-साडेतीन आठवडे. बाकीचं वर्ष तुला पोसतं ते खातं. रेल्वे, सैन्यदलं, आयकर, पोलीस, तेल कंपन्या यांच्या पगारपत्रकावरच आपलं व्हॉलीबॉल जगत आलंय. राजीनामा देऊन कॉलेजांचे दरवाजे ठोठवायला गेलास, तर आधी मानधनाची कामं मिळतील, आणि एका हंगामाच्या मानधनात घर चालत नाही.

आता कागदपत्रं. अनुदानित कॉलेजात ‘व्हॉलीबॉल कोच’ नावाचं पद जवळपास नसतंच. पद असतं शारीरिक शिक्षण संचालकाचं, आणि त्याची पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमांत दिलेली आहे. शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी, म्हणजे आपल्याकडे एम.पी.एड. त्यावर नेट किंवा सेट, या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा. शिवाय आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याचा पुरावा आणि शारीरिक क्षमतेची चाचणी. यातली खेळण्याची अट तू कधीच ओलांडलीस. गंमत म्हणजे विद्यापीठाकडून एकदाच खेळलेला आणि राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेला, दोघंही त्या अटीपुढे सारखेच.

त्याच नियमांत एक आडवाट आहे. आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेत पदक मिळवलेल्या आणि पदव्युत्तर पदवी असलेल्या खेळाडूलाही हे पद मिळू शकतं. आपल्या लोकांना ती वाट कागदावरच मिळते. भारताच्या पुरुष संघाला आशियाई स्पर्धेत तीन पदकं मिळाली: १९५८ चं कांस्य, १९६२ चं रौप्य, १९८६ च्या सोलचं कांस्य. त्यानंतर काही नाही. २०२३ ला हांगझोऊमध्ये आपण दक्षिण कोरियाला हरवलं तेव्हा सगळे नाचलो, पण पदकापर्यंत पोचलो नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत तर सहा जणांचं व्हॉलीबॉल खेळवतच नाहीत. तेव्हा ती ओळ वाचून पुढे जा.

हिशोब मांड. बी.पी.एड. दोन वर्षं, एम.पी.एड. दोन वर्षं. दोन्हींना राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे आणि तिच्यात मैदानी चाचणीही असते. साध्या बी.ए.वर थेट एम.पी.एड. होत नाही. आज सुरुवात केलीस तरी तेहेतीस गाठशील. दोन्ही अभ्यासक्रम हजेरीचे आहेत, त्यामुळे खात्याकडून अभ्यासरजा मिळते की बिनपगारी काढावी लागेल, हे साहेबांच्या तोंडी शब्दावर सोडू नकोस, लेखी घे. नेटला वयाची अडचण नाही, ती फक्त जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला. महाराष्ट्र-गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पेपरात व्यायामशास्त्र, जीवयांत्रिकी, क्रीडा मानसशास्त्र, संख्याशास्त्र, चाचणी-मापन असतं. ब्लॉक कसा लावायचा हे तिथे कुणी विचारत नाही. चांगल्या खेळाडूंची गाडी इथेच अडलेली मी सर्वांत जास्त पाहिली. बुद्धी कमी म्हणून नाही, दहा वर्षं पुस्तक हातात धरलेलं नसतं म्हणून.

शारीरिक चाचणीची मात्र धास्ती घेऊ नकोस. तीस ते चाळीस वयाच्या पुरुषाला बारा मिनिटांत १५०० मीटर जायचं असतं. कुरकुरता गुडघाही तेवढं जातो. आणि जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नेमणुकांच्या नव्या नियमांचा मसुदा काढलाय, तेव्हा जाहिरातीत कोणते नियम लिहिलेत ते स्वतः वाचायचं, मित्राच्या मोबाइलवरचं नाही.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, म्हणजे एनआयएसची, कोचिंगची पदविका करावी का, असं पुढे विचारशील. करावी, जमलं तर नक्की. १९६१ पासून देशातले कोच तिथे घडतायत आणि खेळ शिकवायचं शास्त्र तिथे नीट शिकवतात. पण संचालकपदासाठी ती एम.पी.एड.ची जागा घेत नाही. क्रीडा प्राधिकरण, खासगी विद्यापीठं, अकादमी, शाळा या बाजूला जायचं असेल तर तिचं वजन जास्त. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. खात्याची रजा तेवढीच मिळत असेल तर तिथून सुरुवात कर. निदान आपल्याला शिकवणं आवडतं की नुसतं खेळाजवळ राहायचंय, हे त्यात कळतं.

पद मिळालं की यूजीसीच्या दहाव्या स्तराचं वेतन, ५७,७०० रुपये मूळ पगारापासून. चांगलंच आहे. पण त्या पगारात तू एकट्या व्हॉलीबॉलचा नसतोस. कबड्डीचे पात्रता अर्ज, बुद्धिबळाच्या पोरीचा प्रवासभत्ता, क्रॉसकंट्रीच्या दिवशी रुग्णवाहिका, जिमखाना समितीची बैठक, ट्रॅकसूटची दरपत्रकं, नॅकच्या मूल्यांकनासाठी पाच वर्षांच्या प्रमाणपत्रांच्या फायली, योगदिन, आणि शिपाई रजेवर असेल तर मैदानावर फक्की मारणंसुद्धा. व्हॉलीबॉलला उरते ती संध्याकाळ. ज्याला हे ओझं वाटेल त्याने संचालकपदाच्या वाटेला न जाता हंगामी मानधनावर दोन-तीन कॉलेजांचे संघ सांभाळावेत. माझ्या ओळखीत असे लोक आहेत आणि कोच म्हणून ते आमच्यापेक्षा सरस आहेत. फक्त त्यांची खात्याची नोकरी शाबूत आहे.

तू अमेरिकन कॉलेज व्हॉलीबॉलचे व्हिडिओ बघतोस असं लिहिलंयस. बघ, पण ते चित्र इथे शोधू नकोस. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये झाला आणि ९२,००३ लोक आले. तिथल्या मुख्य कोचला सहायक असतात, फिजिओ असतो, आकडेवारीचा माणूस असतो, शिष्यवृत्ती देऊन निवडून आणलेल्या मुली असतात. नेट-सेट नाही. पण तिथेही मोठा खेळाडू विमानतळावरून थेट मुख्य कोचच्या खुर्चीत बसत नाही. हवाईची रॉबिन आ मो बघ. हवाई विद्यापीठाची सेटर (फटक्यासाठी चेंडू उचलून देणारी), २०००, २००४ आणि २००८ अशी तीन ऑलिम्पिक खेळली, बीजिंगचं रौप्य गळ्यात. तीसुद्धा आधी त्याच विद्यापीठात सहायक होती. २०१७ मध्ये डेव्ह शोजी निवृत्त झाल्यावर तिला मुख्य कोच केलं, आणि शोजींच्या नावावर हजाराहून जास्त विजय होते, म्हणजे केवढ्या सावलीत तिला उभं राहायचं होतं ते बघ. डेन ब्लँटन हा सिडनी २००० चा बीच व्हॉलीबॉलचा सुवर्णविजेता. यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुलींच्या बीच संघाचा मुख्य कोच झाल्यावर त्याने २०२१ ते २०२४ अशी सलग चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. तोही तिथे आधी सहायकच होता. पदक गळ्यात असलेली माणसंसुद्धा दुसऱ्याच्या हाताखाली वही घेऊन उभी राहिली, एवढं त्यांच्याकडून घे. बाकी सगळं त्यांच्या मुलखाचं.

रॉबिन सेटर होती हेही लक्षात ठेव. जवळजवळ प्रत्येक रॅलीत दुसरा चेंडू तिच्या हातात. पास (सर्व्हिस घेऊन सेटरकडे दिलेला चेंडू) कसा आला, समोरचा ब्लॉक कुठे सरकला, आपला कोणता अटॅकर आज चालतोय, हे सगळं तिला सेकंदाच्या आत ठरवावं लागायचं. सेटर हा कोर्टावरचा अर्धा कोच असतोच. आता तुझ्याकडे येऊ, कारण तुझ्या प्रश्नातली खरी अडचण इथे आहे आणि तुला ती दिसलेली नाही.

तू मिडल ब्लॉकर आहेस. १९९८ मध्ये लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या रांगेत बचाव करणारा खास खेळाडू, आला तेव्हापासून मिडलवाला मागच्या रांगेत जवळपास दिसेनासा झाला. मागे तू फक्त तुझी सर्व्हिस टिकेपर्यंत असतोस. ती तुटली की लिबेरो आत आणि तू बाकावर. म्हणजे दहा वर्षं वरच्या दर्जाचं खेळूनही समोरून आलेली सर्व्हिस तू सामन्यात क्वचितच घेतली असशील. आणि कॉलेजच्या व्हॉलीबॉलमध्ये सामना ठरतो तो नेमका तिथेच. तुझा क्विक, तुझा स्लाइड हे झटपट फटके, दोन जणांचा बांधलेला ब्लॉक, हे सगळं चांगला पास आल्यावरचं. कॉलेजच्या संघात तो पास येत नाही. तीन पोरं सर्व्हिस घ्यायला उभी राहतात, चेंडू मधल्या जागेत पडतो, आणि तिघं एकमेकांकडे बघतात. जुन्या पद्धतीत आपली सर्व्हिस असतानाच गुण मिळायचा, तेव्हा हे थोडं खपून जायचं. रॅली पॉइंट आल्यापासून प्रत्येक चुकीला गुण जातो. पंचवीसमधले आठ-नऊ गुण असे सर्व्हिस आणि पासमध्येच फुकट गेलेले तू पहिल्याच आंतरमहाविद्यालयीन सामन्यात बघशील.

म्हणून तुझं खेळणं कुठे उपयोगी पडेल? ब्लॉकचा पाय कसा टाकायचा, अटॅकरचा खांदा बघून हात कधी वर न्यायचे, नेटजवळ उतरताना काय सांभाळायचं, हे तुझ्याइतकं कुणाला येणार नाही. पोरांवर छापही पडेल, पहिले पंधरा दिवस. पण पास आणि सेट हे दोन विषय तुला नव्याने शिकावे लागतील, शिकवण्यासाठी शिकावे लागतील. खात्याच्या संघात अजून एक-दोन हंगाम आहेत ना? मग लिबेरोच्या मागे लाग. सर्व्हिस करणाऱ्याच्या हातातून चेंडू सुटायच्या आधी तो काय बघतो, कोणत्या पायावर वजन ठेवतो, मधला चेंडू कुणाचा हे आधी कसं ठरवतात, विचार. बाकावर बसतोस तेव्हा वहीत पास मोजायला लाग. साधी पद्धत आहे: सेटरला तिन्ही पर्याय मोकळे ठेवणारा पास म्हणजे ३, दोन पर्याय उरले तर २, नुसता उंच चेंडू बाहेर टाकण्यापलीकडे काही उरलं नाही तर १, गुणच गेला तर ०. सामन्याअखेर प्रत्येकाची सरासरी काढ. ज्याला तू संघातला सर्वांत भरवशाचा समजतोस त्याचा आकडा बघून चकित होशील, आणि ज्याचं कुणी नाव घेत नाही त्याचाही.

पुढे कॉलेजात हीच वही राखीव खेळाडूच्या हातात दे. त्याला काम मिळतं, तो खेळ वाचायला शिकतो, आणि ‘सर, मला का बसवलं’ या प्रश्नाचं उत्तर वहीत असतं. प्राचार्यांच्या ओळखीतला पोरगा संघात घ्या असा निरोप आला तरी ती वही कामाला येते. असे निरोप येतात.

सरावाबद्दल थोडं सविस्तर, कारण वरून आलेले खेळाडू इथे एकसारखंच वागताना दिसतात. पहिलं, दाखवणं. ते उडी मारून असा स्मॅश मारतात की पोरं टाळ्या वाजवतात, आणि कुणाच्याही खेळात तसूभर फरक पडत नाही. पावणेसहा फुटी पोराला तुझा फटका बघून करायचं काय? त्याला दोन शब्द हवेत: ‘कोपर वर’, ‘शेवटची दोन पावलं जलद’. एका वेळी एकच सूचना, आणि ती त्याच्या हाताला बसेपर्यंत दुसरी नाही. दुसरं, टेबलावर उभं राहून पोरांवर चेंडू हाणणं. घाम निघतो, आवाज छान येतो, कोचला आपण अजून आहोत असं वाटतं. पण पोरं तुझा हात वाचायला शिकतात. सामन्यात तू नसतोस, नेटपलीकडून पळत येणारा अटॅकर असतो.

तिसरं म्हणजे रांग. एक मैदान, चौदा पोरं, पाच चेंडू, आणि त्यातल्या एकाची हवा गेलेली. सगळ्यांना रांगेत उभं केलंस तर तासाभरात एकेकाच्या वाट्याला मोजके चेंडू येतात. त्यापेक्षा नेटच्या दोन्ही बाजूंना मैदान उभं अर्धं कर, अरुंद पट्ट्यात तीन विरुद्ध तीन खेळव, दोन सामने शेजारी शेजारी. प्रत्येक रॅली सर्व्हिसने सुरू व्हायला हवी आणि तीन स्पर्श पूर्ण झाले तरच गुण. चेंडूला हात लागण्याची संख्या कितीतरी वाढते, आणि पास, सेट, फटका हे खेळात येतात तसेच मिसळून येतात. यामागे शास्त्र आहे. एकच कृती पन्नास वेळा घोटली तर सरावात ती छान दिसते, पण मिसळून केलेला सराव जास्त टिकतो. अमेरिकेत ब्रिगहम यंग विद्यापीठाचे कोच कार्ल मॅकगाउन यांनी कौशल्य-शिक्षणाचं हे संशोधन व्हॉलीबॉलच्या मैदानावर आणलं, आणि त्यांच्या संघाने १९९९ व २००१ चं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. नेटच्या पेपरलाही हा धडा आहे. एका दगडात दोन पक्षी.

ग्रामीण कॉलेज मिळालं तर शूटिंग बॉल खेळून आलेली पोरं येतील. त्यांना हसू नकोस. जोरात आलेल्या चेंडूला ती घाबरत नाहीत, आणि ही गोष्ट शिकवायला मला इतर पोरांबाबत वर्ष-वर्ष लागतं. अडचण एवढीच की चेंडू एका दणक्यात पलीकडे धाडायची सवय हाडात असते. त्यांना आधी लिबेरोची जागा दे. संघ बांधताना सेटर आधी शोध, उंच पोरगा नंतर. आणि एकही खरा सेटर नसेल तर पाच-एकचा (एकाच सेटरचा) हट्ट सोडून चार-दोन (दोन सेटर) खेळव. लीगमध्ये ते कुणी खेळत नाही हे खरं. तुझ्या पोरांनी लीग बघितलेलीही नसते.

पावसाळा हे आपलं वेगळं प्रकरण. प्रवेश जून-जुलैत होतात आणि नेमकं तेव्हाच मातीचं मैदान चिखल असतं. कोर्ट मिळेपर्यंत झोनच्या सामन्यांच्या तारखा डोक्यावर. तेव्हा त्या दोन महिन्यांत व्हरांड्यात भिंतीवर पास, हॉलमध्ये पायांची हालचाल, ताकदीचं काम उरकून घ्यावं लागतं. उड्या मात्र मोजूनच. तुला संघाचा फिजिओ होता, इथे सिमेंटच्या फरशीवर अठरा वर्षांचा पोरगा रोज शंभर उड्या मारतो आणि ऑक्टोबरात गुडघ्याला पट्टी बांधून येतो. दोन्ही पायांवर उतरणं पहिल्या दिवसापासून शिकव. का, ते तुझा गुडघा तुला सांगतोच आहे.

मुलींचा संघ मिळाला तर आनंदाने घे. बरेच जण टाळतात. नेट २.२४ मीटरवर, पुरुषांच्या २.४३ पेक्षा एकोणीस सेंटिमीटर खाली, तरी तुझ्या डोक्यातला ‘एका फटक्यात संपवा’ हा खेळ तिथे कामाचा नाही. रॅली लांबते, म्हणून बचाव आणि संयमाची किंमत वाढते. बाहेरगावी जाताना सोबत एखाद्या मॅडमची व्यवस्था आधी कर, पालकांशी स्वतः बोल. घरून परवानगी न आल्यामुळे बसलेल्या मुली मी दुखापतीने बसलेल्यांपेक्षा जास्त पाहिल्यात.

टाइमआउट तीस सेकंदांचा असतो. त्यातले दहा सेकंद पोरं पाणी पिण्यात घालवतात. उरलेल्यात तुला पाच गोष्टी सुचतील. एक सांग, ‘पुढची सर्व्हिस एक नंबरच्या जागेवर’ (समोरच्यांच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात) अशी, लगेच करता येईल अशी.

गुडघ्यामुळे खेळणं पूर्ण थांबवावं का, असंही तू शेवटी विचारलंयस. डॉक्टर नको म्हणत नाहीत तोवर खेळ, पण मधे नको. उन्हाळ्यात गावोगावी रात्रीच्या स्पर्धा होतात, तिथे एखाद्या साध्या संघाकडून सेटर म्हणून उतर. लोक हसतील, एवढा उंच माणूस चेंडू उचलतोय म्हणून. पहिल्या दोन स्पर्धांत तुझे सेट नेटला चिकटतील, अटॅकर शिव्या घालतील. वाईट पासवर पळत जाऊन चेंडू बाहेर काढायची वेळ आली की कॉलेजचा सेटर रोज काय भोगतो ते कळेल. त्यातही बसून राहिलेल्या पोराकडे ती पासची वही देऊन ठेव. आणि बी.पी.एड. सीईटीच्या अर्जाची तारीख सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आजच बघून घे, स्पर्धांच्या नादात ती निघून जाते.